वर्तुळ तेच, चौकट मोठी : शिफ्ट लेन्सची गोष्ट

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे, पण त्याचा अनुभव तुम्हा प्रत्येकाला आहे. एखाद्या उंच इमारतीसमोर उभे राहा, मोबाइल थोडा वर करा आणि फोटो काढा. इमारत मागे झुकलेली दिसते. दोन्ही कडा वर जाताना एकमेकींकडे सरकतात आणि चौकोनी वाडा शंकूसारखा होतो. दोष इमारतीचा नाही, मोबाइलचाही नाही. आपण कॅमेरा तिरपा धरला, म्हणून आतला सेन्सर भिंतीला समांतर राहिला नाही, एवढंच कारण आहे.

यावर उपाय जुना आहे. कॅमेरा सरळ ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. अशा सरकणाऱ्या लेन्सला शिफ्ट लेन्स म्हणतात. छोट्या कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या या लेन्स गेल्या काही वर्षांत मोठ्या सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर बसवल्या जाऊ लागल्या. हे कसं शक्य झालं, आणि जुन्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्यांना त्याचं महत्त्व का वाटावं, हे आज सांगणार आहे. मी स्वतः जुन्या वाड्यांचे फोटो काढतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्या कामाचीही आहे.

सुरुवात १८५८ सालापासून करू. जर्मनीतल्या वेट्झलार गावी आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर नावाचा तरुण वास्तुविद तिथल्या मोठ्या चर्चची मापं घेत होता. वर चढून टेप लावताना तो पडता पडता वाचला. त्यातून त्याच्या मनात आलं, की भिंतीवर चढण्यापेक्षा भिंतीचा फोटो घेऊन त्यावरूनच मापं का काढू नयेत? त्याने आयुष्य त्यामागे घालवलं. ‘फोटोग्रामेट्री’ हा शब्द त्याच्याच लेखनातून रूढ झाला. १८८५ मध्ये बर्लिनला यासाठी सरकारी संस्था निघाली आणि तिने इमारतींच्या हजारो काचेच्या नेगेटिव्ह जमवल्या. त्यातल्या मोठ्या काचा ४० सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद होत्या.

त्याच १८५८ साली आपल्याकडे कॅप्टन लिनियस ट्राइप तंजावरला होता. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून तो मंदिरांचे फोटो काढत फिरत होता. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर मराठी माणसाला परकं नाही. सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीतून तिथल्याच भिंतींवर कोरून घेतला. ट्राइपने मात्र विमानाच्या पायथ्याशी फिरणारे जुने चोळकालीन शिलालेख टिपले. लेख लांबलचक, एका फोटोत मावणं अशक्य. मग त्याने एकेक तुकडा टिपत २१ फोटो घेतले आणि जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी तयार केली. अक्षरं वाचता यायला हवीत, तर प्रत्येक तुकडा शक्य तितका समोरूनच घ्यायला हवा.

एकाच वर्षी, दोन टोकांना, दोन माणसं एकाच गोष्टीमागे लागली होती. इमारतीचा असा फोटो, की ती नाहीशी झाली तरी तो तिच्याबद्दल साक्ष देऊ शकेल. सुंदर फोटो आणि साक्ष देणारा फोटो यांत फरक असतो. साक्षीसाठी सरळ रेषा सरळ हवी आणि रुंदी-उंचीचं प्रमाण विश्वासाचं हवं.

आता थोडं तंत्र समजून घेऊ. लेन्स मुळात गोल प्रतिमा पाडते. आपण त्यातला फक्त चौकोन वापरतो. शंकरपाळी करताना गोल पोळी लाटतो आणि त्यातून चौकोन कापतो, तसंच. पोळी चौकोनापेक्षा बरीच मोठी असेल, तर तो मधूनच कापला पाहिजे असं नाही. थोडा वरून किंवा खालून कापता येतो. लेन्स वर सरकवतो तेव्हा आपण हेच करतो. त्याच गोल प्रतिमेतला इमारतीच्या माथ्याकडचा चौकोन कापून घेतो. कॅमेरा हलत नाही, सेन्सर भिंतीला समांतर राहतो आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. पोळी जेवढी मोठी आणि चौकोन जेवढा लहान, तेवढी सरकायला जागा जास्त. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात ही सोय सहज होती. लेन्स एका फळीवर आणि काच मागे दुसऱ्या चौकटीत असायची. मधे कापडी किंवा चामडी भाता. फळी वर-खाली सरकवली की झालं. मायडेनबाउअरच्या मोजणीच्या कॅमेऱ्यातही लेन्स उभी सरकवता येत असे.

मग ही सोय गेली कुठे? गंमत म्हणजे तीही वेट्झलारमध्येच हरवली. तिथल्या लाइट्झ कंपनीने १९२५ मध्ये ऑस्कर बार्नाकने घडवलेला लायका कॅमेरा बाजारात आणला. सिनेमाच्या फिल्मवर ३६ बाय २४ मिलिमीटरची छोटी चौकट, खिशात मावेल एवढा कॅमेरा. या छोट्या कॅमेऱ्याने छायाचित्रण रस्त्यावर आणलं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण भाता गेला, लेन्स कॅमेऱ्याच्या अंगात घट्ट बसली, आणि वर पाहायचं तर अख्खा कॅमेरा तिरपा करणं एवढाच मार्ग उरला. ज्या गावात इमारतीच्या सरळ फोटोची कल्पना सुचली, त्याच गावाच्या कॅमेऱ्याने तो फोटो अवघड करून ठेवला.

ही सोय परत यायला १९६२ उजाडावं लागलं. निकॉनने ३५ मिलिमीटरची पीसी-निक्कोर लेन्स काढली. ती स्वतःच्या बैठकीवर ११ मिलिमीटरपर्यंत बाजूला सरकत असे. छोट्या कॅमेऱ्यासाठीची ही पहिली शिफ्ट लेन्स. १९७३ मध्ये कॅननने सरकण्याबरोबर कलण्याचीही सोय असलेली ३५ मिलिमीटरची लेन्स आणली. १९९१ मध्ये कॅननच्या २४, ४५ आणि ९० मिलिमीटरच्या टीएस-ई लेन्स आल्या. २००९ मध्ये १७ मिलिमीटरची नवी लेन्स आणि २४ ची सुधारित आवृत्ती आली. या शेवटच्या दोन लेन्स आपल्या गोष्टीत महत्त्वाच्या आहेत. त्यांच्या प्रतिमेचं वर्तुळ ६७.२ मिलिमीटर व्यासाचं आहे. ३६ बाय २४ च्या चौकटीचा कर्ण जेमतेम ४३ मिलिमीटर. म्हणजे पोळी चौकोनाच्या मानाने भरपूर मोठी लाटलेली.

दरम्यान फिल्म जाऊन सेन्सर आला, आणि सुरुवातीला उलटंच झालं. पहिले डिजिटल एसएलआर कॅमेरे छोट्या सेन्सरचे होते. कॅननच्या अशा कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स ३८ सारखी दिसायची. सरकायला जागा खूप, पण दृश्य इतकं अरुंद की गल्लीत उभं राहून उपयोग नाही. २००२ मध्ये कॅननचा ३६ बाय २४ सेन्सरचा ईओएस-१डीएस आला आणि शिफ्ट लेन्सला तिची मूळ चौकट परत मिळाली.

त्याहून मोठे सेन्सरही होते. २०१० मध्ये पेंटॅक्सचा ६४५डी आला, त्यात ४४ बाय ३३ मिलिमीटरचा सेन्सर होता. त्याचा कर्ण सुमारे ५५ मिलिमीटर, म्हणजे ६७.२ च्या वर्तुळात आरामात मावणारा. मग शिफ्ट लेन्स त्यावर का नाही बसवली? कारण आरसा. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये वर-खाली होणारा आरसा असतो आणि त्याला जागा लागते. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. पेंटॅक्सच्या त्या कॅमेऱ्यात ते जवळजवळ ७१ मिलिमीटर होतं. कॅननची लेन्स मात्र सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर बसायला बनवलेली. ती २७ मिलिमीटर आत खुपसली तरच दूरची इमारत स्पष्ट दिसेल, आणि तिथे आरसा आडवा. सेन्सर तयार, लेन्सही तयार, पण मधल्या आरशामुळे दोघांची गाठ पडत नव्हती.

ती गाठ आरसा गेल्यावर पडली. २०१६ मध्ये हॅसलब्लाडने एक्स१डी हा आरसा नसलेला, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा जाहीर केला. पण त्याचं शटर लेन्समध्ये होतं, त्यामुळे परक्या लेन्सला तो सुरुवातीला उपयोगाचा नव्हता. २०१७ च्या सुरुवातीला फुजीफिल्मचा जीएफएक्स ५०एस बाजारात आला. सेन्सर ४४ बाय ३३ चा, शटर कॅमेऱ्याच्या अंगात आणि फ्लँज अंतर फक्त २६.७ मिलिमीटर. आता वजाबाकी करा. कॅननची लेन्स ४४ मागते, कॅमेरा २६.७ देतो, उरले १७.३ मिलिमीटर. निकॉनची जुनी लेन्स ४६.५ मागते, उरले १९.८. तेवढ्या जाडीची धातूची कडी मधे बसवली की काम झालं. हाच तो ॲडाप्टर. त्यात भिंग नाही. तो फक्त योग्य अंतर राखतो.

कॅननच्या लेन्समध्ये एक अडचण आहे. तिचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, विजेवर चालतं. साधी कडी लावली तर ते सताड उघडंच राहतं. म्हणून तारांची जोडणी असलेला ॲडाप्टर घ्यावा लागतो. काही जण लेन्स आधी कॅननच्या कॅमेऱ्यावर लावतात, छिद्र लहान करून तपासणीचं बटण दाबलेलं असतानाच ती काढून घेतात. मग छिद्र तसंच राहतं. ही जुगाड चालते, पण भर उन्हात दहा वेळा करायला कोणी तयार होत नाही. १९६२ च्या निकॉनला यातलं काहीच लागत नाही, कारण तिचं छिद्र हाताने कडी फिरवून ठरवायचं असतं. कधी कधी जुनं यंत्र नव्याशी चटकन जुळतं ते त्याच्या साधेपणामुळे.

आता मुख्य प्रश्न. सेन्सर मोठा झाला, मग फायदा नेमका किती? इथे बऱ्याच जणांची समजूत होते, की आता इमारत आणखी उंच मावेल. तसं होत नाही. पोळी तीच आहे. चौकोन मोठा कापला, तर तो सरकवायला जागा कमी उरते. कॅननच्या १७ किंवा २४ ची लेन्स ३६ बाय २४ वर १२ मिलिमीटर सरकते. ४४ बाय ३३ चा सेन्सर उभा धरला तर वर्तुळाच्या काठापर्यंत सुमारे सव्वासात मिलिमीटरच सरकता येतं, आडवा धरला तर सुमारे ९. चौकट उभी धरून बेरीज केली तर २४ च्या लेन्सने छोट्या सेन्सरवर आपण जितके दूर उभे आहोत त्याच्या सव्वापट उंची मिळते, आणि मोठ्यावरही जवळजवळ तेवढीच. उंचीची मर्यादा वर्तुळ ठरवतं. वाढते ती रुंदी.

आणि ही रुंदीच गल्लीत कामाला येते. उदाहरण घेऊ. गल्ली ९ मीटर रुंद आहे. समोर १५ मीटर उंच आणि १६ मीटर रुंद वाडा आहे. आपण समोरच्या भिंतीला पाठ लावून १७ ची लेन्स घेऊन उभे आहोत. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे. ३६ बाय २४ चा कॅमेरा उभा धरला, तर उंची मावते पण रुंदी पावणेतेरा मीटरच येते, दोन्ही बाजू कापल्या जातात. आडवा धरला तर रुंदी मावते, पण लेन्स पूर्ण १२ मिलिमीटर वर नेली तरी सव्वाचौदा मीटरपर्यंतच पोहोचतो, वरची कौलं राहून जातात. आता ४४ बाय ३३ चा कॅमेरा उभा धरा. रुंदी १७ मीटरच्या वर येते, आणि माथा गाठायला लेन्स फक्त ४ मिलिमीटर सरकवावी लागते. वर्तुळाच्या काठापर्यंत जावंच लागत नाही. अख्खा वाडा, एका फोटोत, सरळ उभा.

‘एका फोटोत’ या शब्दांवर मी मुद्दाम भर देतो. छोट्या सेन्सरने दोन-तीन फोटो घेऊन जोडता येतात, ट्राइपने २१ जोडलेच होते. पण शिलालेख हलत नाही. गल्लीत माणसं, रिक्षा, वाळत घातलेली लुगडी हलतात, ढगाची सावली सरकते. जोडलेल्या फोटोत अर्धा माणूस दिसतो किंवा एकच माणूस दोनदा दिसतो. जोडायचेच असतील तर एक काळजी घ्या. लेन्स स्थिर राहिली पाहिजे आणि मागचा कॅमेरा सरकला पाहिजे. कॅमेरा तिवईवर घट्ट आणि लेन्स सरकते असं केलं, तर पाहण्याची जागाच बदलते आणि जवळचा खांब मागच्या भिंतीशी जुळत नाही. यासाठी लेन्सलाच तिवईवर पकडणारी कडी मिळते.

आणखी एक गंमत सांगतो. आरसा आड आला म्हणून इतकी वर्षं थांबावं लागलं, हे खरं. पण त्याच आरशाने एक उपकारही करून ठेवला. एसएलआरसाठी रुंद दृश्याच्या लेन्स बनवताना मागचं भिंग आरशापासून लांब ठेवावं लागे. त्यामुळे प्रकाश सेन्सरवर फार तिरका पडत नाही. भात्याच्या कॅमेऱ्यांच्या कित्येक रुंद लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसायच्या. त्यांचा काठाकडचा प्रकाश फार तिरका येतो, फिल्मला ते चालायचं. डिजिटल सेन्सरवर मात्र कडांना हिरवी-जांभळी छटा येऊ शकते, ती काढायला पांढरी काच लेन्सपुढे धरून वेगळा फोटो घ्यावा लागतो. एसएलआरच्या शिफ्ट लेन्सला हा त्रास बराच कमी.

वापरताना काही पथ्यं पाळावीत. छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवावं, कारण वर्तुळाच्या काठाकडे स्पष्टता आणि उजेड दोन्ही कमी होतात. ॲडाप्टर चांगला घडवलेला हवा. तो कणभर तिरपा असला तरी फोटोची एक बाजू मऊ येते. ते तपासायला विटांच्या सपाट भिंतीचा समोरून फोटो घ्या आणि चारही कोपरे मोठे करून बघा. कॅमेऱ्यातली पातळी दाखवणारी रेघ चालू ठेवा. सेन्सरच तिरका असेल तर शिफ्टचा काही उपयोग नाही.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं सॉफ्टवेअर करतंच की! करतं, आणि घाईच्या कामाला ते पुरतं. पण तिरप्या फोटोत वाड्याचा माथा कमी बिंदूंमध्ये नोंदला गेलेला असतो. सॉफ्टवेअर तो ताणून रुंद करतं, नवी माहिती कुठून आणणार? नक्षी नेमकी वरच्या सज्जावर असते आणि तीच पुसट होते. शिवाय किती ताणायचं हे अंदाजाने ठरवलं, तर उंचीचं प्रमाण बिघडतं. डोळ्याला सरळ दिसणारा फोटो मोजायला गेलं तर खोटा निघू शकतो. याला एक प्रामाणिक पर्याय आहे. फार रुंद लेन्स घ्यावी, कॅमेरा सरळ ठेवावा आणि खालचा रस्ता कापून टाकावा. भूमिती अगदी शिफ्टसारखीच राहते, फक्त निम्मे बिंदू रस्त्यावर वाया जातात.

शिफ्टलाही मर्यादा आहेत. सपाट भिंतीचं प्रमाण ती बिनचूक देते. पुढे आलेल्या सज्जाचं तसं नाही, तो खालून पाहिल्यासारखाच दिसतो. फार सरकवलं की इमारत वर ताणलेली वाटते. म्हणून जेवढी गरज तेवढंच सरकवावं.

गोष्टीचा पुढचा टप्पाही येऊन गेला आहे. २०२३ मध्ये फुजीफिल्मने याच सेन्सरसाठी स्वतःची ३० मिलिमीटरची शिफ्ट लेन्स काढली, ती १५ मिलिमीटर सरकते. हिशेब मांडला तर ती उंची देते अंतराच्या सुमारे सव्वापट, म्हणजे ॲडाप्टरवरच्या जुन्या २४ इतकीच. काठापर्यंतची स्पष्टता हा तिचा फायदा. पण गल्लीतल्या रुंदीसाठी जुनी १७ अजून पुढे आहे. जिच्याकडे ती आधीच आहे, तिने किंवा त्याने ती विकायची घाई करू नये, असं माझं मत.

हे सगळं मी का सांगतोय? बर्लिनच्या त्या संस्थेच्या काचा महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना उपयोगी पडल्या. कारण त्या फोटोंमधून मापं काढता येत होती. इंदूरचा सात मजली राजवाडा १९८४ मध्ये जळाला आणि पुढे त्याचा जळका भाग पुन्हा बांधला गेला. त्याच्याकडे लोकांचं लक्ष होतं. पण इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर, बेळगाव अशा गावांतून मराठी कुटुंबांचे साधे वाडे असतात, त्यांच्याकडे तेवढं लक्ष जात नाही. एखादा वाडा उतरवायचा ठरला की आठ-पंधरा दिवसांत सगळं सामान ट्रकमध्ये जातं. मागे उरतात ते लग्नातले फोटो, ज्यांत वाडा अर्धा आणि तिरपा.

तुमच्या गावात असा वाडा असेल, तर तो उभा आहे तोवर त्याच्या समोर जाऊन सरळ फोटो घ्या. शिफ्ट लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तर मोबाइल भिंतीला समांतर धरा, समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून घ्या, आणि दाराशी एक मीटरची पट्टी उभी करा. त्या पट्टीमुळे पुढच्या माणसाला बाकी सगळी मापं काढता येतील.